एका बदनाम आकड्याची बाजू

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रपटांतच पाहिलेला असतो. नायिकेचे वडील पांढरी टोपी घालून हिरवळीवर उभे असतात, चेंडूला एक टोला हाणतात आणि मग गरीब नायकाकडे वळून त्याची लायकी काढतात. त्यामुळे कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात गोल्फवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी धरूनच चाललो आहे. आमच्या प्राध्यापकांपैकी एकदोघे तर "पोराला विषय मिळाला नाही वाटते" असेही म्हणतील. परंतु मला त्या खेळाचे कौतुक करायचे नाही. त्या खेळात एक आकडा आहे, तो आकडा बदनाम आहे, आणि त्याची बदनामी मला अन्यायाची वाटते, एवढेच सांगायचे आहे. तो आकडा म्हणजे सहा. क्वचित कोठे सात.

आधी दोन शब्द परिचयाचे. गोल्फमध्ये 'होल' म्हणजे केवळ चेंडू पडायचे भोक नव्हे. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो, तसे भोक तेथे असतेच. पण जेथून पहिला टोला मारायचा ती 'टी', तेथून पुढचा गवताचा लांब पट्टा, वाटेतली वाळू, पाणी, झाडे, आणि शेवटी भोक असलेली गुळगुळीत हिरवळ, म्हणजे 'ग्रीन', या सगळ्या वाटेला मिळून एक होल म्हणतात. असे अठरा होल खेळले की एक फेरी पुरी होते. प्रत्येक होलाला एक आकडा लावून दिलेला असतो. निष्णात खेळाडूने ही वाट इतक्या फटक्यांत संपवावी, असा त्याचा अर्थ. त्यालाच 'पार' म्हणतात. हिशेब सोपा आहे. ग्रीनवर पोचायला जितके फटके लागावेत तितके, आणि ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलून भोकात घालायला आणखी दोन. एका फटक्यात ग्रीन गाठता आली तर पार तीन, दोन फटक्यांत गाठता आली तर चार, तीन फटक्यांत गाठता आली तर पाच. जगातल्या बहुतेक मैदानांवर हे तीनच आकडे दिसतात आणि अठरा होलांची बेरीज बहात्तरच्या आसपास येते.

पण वाट त्याहूनही लांब असली तर? अशा वाटा आहेत. दक्षिण कोरियात गुन्सान येथे जुन्या मिठागरांच्या जमिनीवर ८१ होलांचे एक प्रचंड मैदान उभे केले आहे. तेथील एका होलाची लांबी १,००४ मीटर आहे आणि पार सात. क्रिकेटच्या पन्नास खेळपट्ट्या एकापुढे एक मांडा, म्हणजे कल्पना येईल. जपानमध्ये तोचिगी प्रांतातील सानो येथे सात्सुकी क्लबचा सातवा होल नऊशे यार्डांहून लांब आहे, त्याचाही पार सात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मेडोज फार्म्स या मैदानावर ८४१ यार्डांचा होल आखला गेला, पार सहा. कॅरोलिनातील फार्मस्टेड नावाच्या मैदानाचा अठरावा होल ७६७ यार्डांचा, त्याचाही पार सहाच. आखणाऱ्यांनी त्याची टी दक्षिण कॅरोलिना राज्यात ठेवली आणि ग्रीन उत्तर कॅरोलिनात. एका राज्यात टोला मारायचा आणि दुसऱ्या राज्यात जाऊन चेंडू शोधायचा! सीमाप्रश्नावर बैठकांमागून बैठका पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना याचे थोडे नवल वाटेल.

गोल्फच्या जाणत्या मंडळींत मात्र या लांब होलांना प्रतिष्ठा नाही. त्यांच्या मते हे चार दिवसांच्या जत्रेतले चमत्कार. दोन डोक्यांच्या वासराला पाहायला गर्दी होते, पण म्हणून कोणी त्याला गोठ्यात बांधत नाही, असा त्यांचा सूर. व्यावसायिकांच्या चार मोठ्या स्पर्धांत आज सहा पारचा एकही होल नसतो. तेथे वाटा लांब नाहीत असे मात्र नाही. २००७ साली अमेरिकेची खुली स्पर्धा ओकमाँट येथे झाली, तेव्हा तेथील बारावा होल ६६७ यार्डांचा होता. पाटीवर पार लिहिला होता पाच. वाट लांबवायची, पण आकडा वाढवायचा नाही. माझे भांडण आहे ते येथे.

ह्या 'पार' शब्दाचा जन्म पाहण्यासारखा आहे. तो शेअर बाजारातून आला. समभाग दर्शनी किमतीला विकला जात असला म्हणजे तो 'पार'ला आहे असे म्हणत. मराठीत पार म्हणजे पैलतीर, आणि वडाभोवतीचा ओटाही पारच, म्हणजे वाटेने थकून आलेल्याने टेकायची जागा. इंग्रजी पारला यातले काहीच ठाऊक नाही. तो हिशेबनिसाच्या पोटी जन्मला.

१८७० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविक येथे खुली स्पर्धा व्हायची होती. मैदान त्या वेळी बारा होलांचे होते. ए. एच. डोलमन नावाच्या, गोल्फवर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या दोघा व्यावसायिक खेळाडूंना विचारले, की कोणी एकही चूक न करता खेळला तर या बारा होलांना किती फटके लागतील? दोघांनी हिशेब करून सांगितले, ४९. डोलमन यांनी या आकड्याला 'प्रेस्टविकचा पार' असे नाव दिले, आणि शब्द रूढ झाला. तीन फेऱ्यांचा, म्हणजे छत्तीस होलांचा पार झाला १४७. स्पर्धा जिंकली धाकट्या टॉम मॉरिसने, १४९ फटक्यांत. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या द्वितीय वर्षातल्या मुलाएवढा. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंपेक्षा तो बारा फटक्यांनी पुढे होता. सलग तिसऱ्यांदा जिंकल्यामुळे बक्षिसाचा चामडी पट्टा कायमचा त्याच्या घरी गेला, आणि द्यायला पट्टाच उरला नाही म्हणून पुढच्या वर्षी स्पर्धाच भरली नाही! आता लक्षात घ्या, या अपूर्व विजयाचा आकडा पारपेक्षा दोनने जास्त होता. म्हणजे पार हा शब्द जन्मला तेव्हा तो आदर्शाचा शब्द होता. त्याच्या जवळ जाणे हाच पराक्रम होता. त्याच्या मागे राहणे हा गुन्हा नव्हता.

त्या स्पर्धेतली दुसरी गोष्ट माझ्या विषयाच्या अगदी गाभ्यातली आहे. प्रेस्टविकचा तेव्हाचा पहिलाच होल ५७८ यार्डांचा होता. हातात लाकडी दांड्याच्या काठ्या. चेंडू मलायातल्या झाडांच्या चिकापासून केलेला, ज्याला गटापर्चा म्हणत. असल्या सामग्रीने ती वाट सहा फटक्यांची समजली जाई. म्हणजे सहाचा होल हा काही अलीकडच्या जाहिरातबाजांनी काढलेला नाही. खुल्या स्पर्धेची सुरुवातच अशा होलाने होत होती. टॉमने तो होल तीन फटक्यांत संपवला! त्या टीच्या जागी आज प्रेस्टविकला दगडांचा एक छोटा स्मृतिस्तंभ आहे. (पुढे हा मुलगा फार दुर्दैवी ठरला. १८७५ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी बाळंतपणात गेली, मूलही गेले, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वयाच्या चोविसाव्या वर्षी तोही गेला.)

मग सहाचा आकडा गेला कोठे? तो कोणी कायद्याने रद्द केला नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकवली. १९११ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने लांबीप्रमाणे पार ठरवून दिले, तेव्हा ६०० यार्डांच्या पुढचा होल सहाचा धरला होता. दरम्यान रबराच्या धाग्यांचे नवे चेंडू आले होते, नंतर पोलादी दांडे आले, धातूची मोठी डोकी असलेल्या काठ्या आल्या, खेळाडू व्यायामशाळेत जाऊ लागले. चेंडू दूर जाऊ लागला. त्याबरोबर सहाची रेघही पुढे पुढे गेली. २०२० साली जगभर लागू झालेल्या हँडिकॅपच्या नियमावलीप्रमाणे पुरुषांसाठी पार सहा सुरू होतो ६७० यार्डांपासून, आणि ७१० यार्डांपर्यंत पाच लिहायचीही मुभा आहे. म्हणजे १९११ साली जी वाट सहाची होती, ती ६१० यार्डांची वाट आज पाचाची. जमीन तीच, चालणाऱ्याचे पाय तेच, फक्त सर्वांत ताकदवान खेळाडू आणखी ताकदवान झाले म्हणून साऱ्यांच्या पाटीवरचा आकडा एकाने कमी झाला.

याचा अर्थ असा, की पार हे वाटेचे माप नाहीच. ते सर्वांत जोरात मारणाऱ्याचे माप आहे. ते वाटेच्या नावावर खपवले जाते, इतकेच. आणि ते जोरात मारणारे आता इतक्या जोरात मारतात, की खुद्द नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांना २०२३ च्या डिसेंबरात चेंडूचा पल्ला कमी करणारी नवी चाचणी जाहीर करावी लागली. म्हणजे शंभर वर्षे चेंडूच्या मागे पळून दमल्यावर त्यांना चेंडूला लगाम घालायची आठवण झाली.

'बोगी' या शब्दाची कहाणी तर याहून बोलकी आहे. १८९० च्या सुमारास इंग्लंडात काही क्लबांनी प्रत्येक होलाला एक प्रमाण आकडा ठरवून त्याच्याविरुद्ध खेळण्याची टूम काढली. त्या वेळी 'बोगी मॅन'चे एक गाणे लोकांच्या तोंडी होते. बोगी मॅन म्हणजे आपला बागुलबुवा. न दिसणारा, न चुकणारा हा प्रतिस्पर्धी, म्हणून त्या प्रमाण आकड्यालाच बोगी म्हणू लागले. गंमतीने त्याला कर्नलचा हुद्दाही दिला. बोगी म्हणजे चांगल्या हौशी खेळाडूने चांगल्या दिवशी करावा असा आकडा. तो गाठला की माणूस त्या संध्याकाळी क्लबात छाती काढून बसे. पुढे व्यावसायिकांच्या खेळावरून ठरलेला पार वरचढ झाला आणि बोगी हा पारपेक्षा एकाने जास्त, म्हणजे चुकीचा शब्द होऊन बसला. आज दूरदर्शनवर समालोचक "बोगी" म्हणतो तेव्हा त्याचा आवाज पडलेला असतो. सामान्य चांगल्या माणसाचा जो मान होता तो कोणतीही चूक न करता दोष झाला. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण शब्दांचा अर्थापकर्ष शिकतो. त्याचे याहून नेमके उदाहरण मला तरी भेटलेले नाही.

पार हा आकडा किती मानवनिर्मित आहे हे पाहायचे असेल तर २००० साल घ्या. कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे अमेरिकेची खुली स्पर्धा टायगर वुड्सने पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकली. एकूण फटके २७२, पारपेक्षा बारा कमी. पण त्या मैदानाचा दुसरा होल एरवी पाचाचा असतो. त्या स्पर्धेपुरता ४८४ यार्डांचा तो होल चाराचा ठरवण्यात आला. नेहमीचे पाचच ठेवले असते तर चार दिवसांत चार फटक्यांचा फरक पडून त्याच २७२ फटक्यांना 'सोळा कमी' म्हटले गेले असते. वुड्सच्या एका फटक्यातही फरक पडला नसता. संयोजकांना बहुधा आपले मैदान कठीण दिसायला हवे होते. खेळाडूंना नव्हे, मैदानाला गुण मिळावेत म्हणून पाटी बदलली! ज्या शाळा निकाल कडक लावल्याची फुशारकी मारतात त्यांची मला येथे आठवण होते.

आता कोणी म्हणेल, की आकडा वाढवून दिला म्हणजे सवलत दिली, आणि सवलतीने खेळाचा दर्जा खालावतो. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्याच २०२० च्या नियमावलीत स्त्रियांसाठी पार सहाची मर्यादा ५७० यार्डांपासून सुरू होते, आणि ६०० च्या पुढे तर पाच लिहिताच येत नाही. म्हणजे एकच ६२० यार्डांची वाट एकाच टीवरून खेळणाऱ्या पुरुषाला पाचाची आणि स्त्रीला सहाची. आमच्या कट्ट्यावर मी हे सांगितले तेव्हा दोघे हसले. "येथेही आरक्षण!" असे एकाने म्हटलेही. पण हसण्यासारखे यात काय आहे? टोला जितका दूर जातो त्यावरून ग्रीनपर्यंतचे फटके मोजायचे, हाच जर पारचा नियम आहे, तर ज्याचा टोला कमी दूर जातो त्याच्यासाठी त्याच नियमाने उत्तर वेगळे येणारच. पुरुषाचा पाच हा निसर्गाचा आकडा आणि स्त्रीचा सहा ही मेहेरबानी, असे नियमात कोठेही लिहिलेले नाही. दोन्ही एकाच भागाकाराची उत्तरे आहेत.

आणि हँडिकॅप? या खेळाचा कणाच तो आहे. कच्च्या खेळाडूला त्याच्या मगदुराप्रमाणे फटके सोडून दिले जातात, म्हणून कच्चा आणि पक्का एकाच दिवशी एकाच मैदानावर बरोबरीने खेळू शकतात. या सुटीची कमाल मर्यादा आज ५४ आहे. अठरा होलांवर वाटली तर दर होलाला तीन. म्हणजे नवशिक्याला चाराचा होल ढोबळ मानाने साताचा होतो! गुन्सानला जाण्याची गरज नाही. प्रत्येक मैदानावर, प्रत्येक सकाळी, कोणा ना कोणासाठी सात पारचा होल हजर असतोच. फक्त तो पाटीवर नसतो, त्याच्या खिशातल्या कार्डात असतो. मला याची फार मौज वाटते. भारतात हा खेळ कलकत्त्यात १८२९ पासून आणि मुंबईत १८४२ पासून क्लब करून खेळला जातो, आणि तो पहिल्यापासून साहेबांचा व पैसेवाल्यांचा. त्यांनी आपल्या खेळात मात्र एवढे शहाणपण राखले, की सारे जण एका रेषेवरून धावत नसतात. गुणवत्तेच्या नावाने गळा काढून सवलतींविरुद्ध वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणाऱ्यांपैकी काही जण तरी रविवारी सकाळी अठरा फटक्यांची सूट पदरात पाडून घेऊन चषक घरी नेत असतील. नेवोत बापडे. सूट घेण्यात मला काही गैर दिसत नाही. ती घेऊन विसरण्यात दिसते.

आपल्या येथेही एक पार आहे. बी. ए.चा पार तीन वर्षे. ते कोणी ठरवले? ज्याला सकाळी आयता डबा मिळतो, ज्याच्या घरी टेबल आणि दिवा आहे, आणि ज्याला अकरा वाजता महाविद्यालयात पोचण्यापलीकडे दुसरे काम नाही, अशा विद्यार्थ्याच्या टोल्यावरून ते ठरले आहे. माझ्या वर्गातला एक मित्र रात्री पेट्रोल पंपावर काम करतो आणि पहाटेच्या एस. टी.ने गावी जाऊन दुपारी परत येतो. त्याला दोन विषयांत एटीकेटी लागली तेव्हा नातेवाइकांनी "गाडी अडकली का?" असे विचारून त्याला नकोसे केले. मी त्याला म्हटले, "अरे, तुझा होल सहाचा आहे. तू पाचव्या फटक्याला ग्रीनवर आहेस. अडकलास कोठे?" त्याला गोल्फ कळत नव्हते. मला समजावून सांगायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासातून हा लेख निघाला, म्हणून त्याचा उल्लेख केला. परीक्षेतला पस्तिसाचा आकडा सैल करा असे माझे म्हणणे मुळीच नाही. चेंडू भोकात गेलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. प्रश्न वाटेला किती वर्षे लागली म्हणजे माणूस 'मागे पडला' म्हणायचे, एवढाच आहे.

लांब होलांविरुद्ध जाणकारांचा एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो खरा आहे. ते म्हणतात, पहिल्या टोल्यात रंग असतो, ग्रीनजवळच्या नाजूक फटक्यांत कौशल्य असते, पण सहा पारच्या होलात मधले दोनतीन फटके नुसते 'हाण पुढे' असे असतात. मधली वाट कंटाळवाणी होते. असेलही. आखणारा आळशी असेल तर ती होणारच. पण तो दोष आखणाऱ्याचा, आकड्याचा नव्हे. मधल्या वाटेत ओढा घालावा, वळण द्यावे, दोन वाटांतली एक निवडायला लावावी. मोठ्या कादंबरीतली मधली दीडशे पाने रटाळ निघाली तर आपण लेखकाला दोष देतो, कादंबरीने दोनशे पानांच्या वर जाऊच नये असा नियम करत नाही. आणि खरे सांगायचे तर कोणत्याही लांब वाटेचा मधला भाग थोडा कंटाळवाणा असायचाच. तो चालून जाणे हेही खेळातच धरले पाहिजे.

जागेचा आणि पाण्याचा आक्षेप याहून गंभीर आहे. एक किलोमीटर लांब गवत हिरवे ठेवायचे म्हणजे पाणी किती लागेल! आमच्या तालुक्यात फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतात. तेथे असला होल आखावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. जेथे जमीन व पाणी उदंड आहे तेथले त्यांनी पाहावे.

एका माणसाचा मात्र या साऱ्या चर्चेत कोणी विचार करत नाही. तो म्हणजे पिशवी वाहणारा कॅडी. होल तीनाचा असो की साताचा, त्याला तितकेच यार्ड चालायचे असतात, आणि त्याच्या चालण्याला पार नाही. आपल्या देशात याच कॅडींतून खेळाडू निघाले. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला. त्याने १९९३ साली ती स्पर्धा पुन्हा जिंकली. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत ज्याने मैदानाचा इंच न् इंच पायाखाली घातला, त्याला कोणता होल खरोखर किती लांब आहे हे पाटी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

सहाच्या होलातही चमत्कार घडतात. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे लेक शॅबो नावाचे सार्वजनिक मैदान आहे. साहेबी क्लब नव्हे, शहराचे. त्याचा अठरावा होल सहाचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये एका हौशी खेळाडूने तो दोन फटक्यांत संपवला. पहिला टोला मैदानातल्या गाड्यांच्या पक्क्या रस्त्यावर आपटला आणि उसळत उसळत पाचशे यार्डांच्याही पुढे गेला, दुसरा सरळ भोकात. पारपेक्षा चार कमी! गोल्फच्या इतिहासात असे मोजक्या वेळा घडले आहे. अशा माणसाला पाहून उद्या कोणी त्या होलाचा पार दोन करावा असे म्हणाले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण सर्वांत जोरात मारणाऱ्यांकडे पाहून साऱ्यांचा सहा पाच करण्यात याहून फारसे वेगळे काय आहे?

आणि ज्यांना खरोखर लांब जायचे असते ते आकडा आपला आपण ठरवतात. फ्लॉइड रूड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६३ च्या सप्टेंबरात पॅसिफिकच्या काठावरून चेंडू मारायला सुरुवात केली आणि १९६४ च्या ऑक्टोबरात तो अटलांटिकच्या काठी पोचला. फटके १,१४,७३७. हरवलेले चेंडू ३,५११. त्याने पार ठरवलाच नव्हता. आंद्रे टोल्मे याने २००३-०४ मध्ये सारा मंगोलिया देश अठरा होलांत वाटून घेतला आणि त्याचा पार ठरवला ११,८८०. त्याला लागले १२,१७० फटके. २०१७ साली अ‍ॅडम रोल्स्टन आणि रॉन रटलंड या दोघांनी तोच मंगोलिया एकच होल धरला. रोल्स्टन मारणार आणि रटलंड कॅडी. पश्चिमेकडच्या पर्वतापासून निघून ऐंशी दिवसांत २,०११ किलोमीटर चालत ते उलानबातर येथील मैदानाच्या अठराव्या ग्रीनवर पोचले. पार त्यांनी धरला होता १४,०००. फटके झाले २०,०९३. म्हणजे पारपेक्षा ६,०९३ जास्त. एकाच देशाचे दोन पार, आणि दोन्ही खेळाडूंना ते गाठता आले नाहीत, तरी त्यांना कोणी अपयशी म्हटले नाही. उलट वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली.

मोठ्या स्पर्धांच्या संयोजकांकडे माझी मागणी छोटी आहे. चेंडूचा पल्ला कमी करायचे त्यांनी ठरवले आहे, ते उत्तमच झाले. पण यापुढे एखादा होल सातशे यार्डांपर्यंत ताणायची हौस आली, तर त्यांनी खुशाल ताणावा, आणि टीशेजारच्या पाटीवर न लाजता ६ लिहावे. प्रेस्टविकला दीडशे वर्षांपूर्वी तेवढ्याच फटक्यांच्या वाटेने स्पर्धा सुरू होत होती, आणि त्या वाटेवर एका एकोणीस वर्षांच्या मुलाने तीन केले होते.